धर्म सांगायचा तर नाव लावून सांगा

मा. संपादक,
नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की कॉलेजच्या गेटवर येशूची पुस्तकं वाटणारे उभे राहतात, त्यांना पोलिसांनी उचलून न्यावं. मी मराठी ख्रिश्चन, नागपूरच्या सदर भागातच वाढले, नोकरी करते आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरापोरींसोबत बायबल वाचायला बसते, म्हणजे ज्यांना उचला म्हणताहेत त्यातलीच एक. म्हणून लिहिते आहे, पण यातलं बरंचसं आमच्याच लोकांसाठी आहे.

आधी त्या वाचकाचं. घटनेच्या कलम २५ मध्ये आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय, सुव्यवस्था, नीती, आरोग्य सांभाळून. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांना हा निकाल अजून खुपतो. मला तेवढा नाही खुपत, कारण धर्म बदलतो तो माणूस स्वतः बदलतो, मी कोण बदलणारी? आणि नागपुरात राहून धर्म बदलण्याच्या नावानेच चिडायचं म्हणजे कमाल आहे ना, इथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांना घेऊन भर दिवसा, सांगून सवरून धर्म बदलला. त्याच वर्षी मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करून त्यांना झोडपणारा नियोगी समितीचा अहवाल आला, आमच्याकडे ते नाव निघालं की अजून कपाळावर आठ्या पडतात, पण तेच निवृत्त न्यायमूर्ती नियोगी पुढे बाबासाहेबांसोबत बौद्ध झाले हे मात्र कोणी सांगत नाही.

आता आमचे लोक. इंग्लिश स्पीकिंग, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, करिअर गायडन्स, म्युझिक नाइट अशा नावांनी पोस्टर लावायचं आणि पोरं आली की अर्ध्या तासाने डोळे मिटायला सांगायचं, हे बंद करा बाप्पा. गोंदिया-भंडाऱ्याकडचं पोट्टं इंग्लिश सुधारायला आलेलं असतं, मधेच उठून जायची त्याची हिंमत होत नाही, ते गप बसतं आणि रूमवर जाऊन पार्टनरला सांगतं की फसवलं आपल्याला. मग पुढच्या वर्षी खरोखर नुसतं इंग्लिश शिकवणाऱ्याकडेही लोक संशयाने बघतात.

मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी शाळा काढली ती पाद्री म्हणूनच काढली, बायबल शिकवणार हे गावाला माहीत होतं, तरी लोकांनी पोरं पाठवली. हा माणूस दगड-जीवाश्म गोळा करायचा, गोंडांची गाणी लिहून घ्यायचा, १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना नाल्याच्या पुरात गेला, आणि वीस वर्षांनी त्याच्या नावाचं कॉलेज झालं. कवी ना. वा. टिळकांचं तर अजून साधं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या साहेबाने गप्पा मारल्या, नवा करार हातात दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. टिळक स्वतःच वाचत बसले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, पुढे भरपूर विचार करून १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोणी फॉलोअपचे फोन केले नाहीत त्यांना.

अजून एक, ज्युनिअर आणि सिनिअर कॉलेज बहुतेक ठिकाणी एकाच आवारात भरतं. अकरावी-बारावीची मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात, त्यांना गटात घ्यायचं तर घरी माहीत पाहिजे, नाहीतर नको, आणि ह्यात मला काही वाद घालायचा नाही. परीक्षेच्या तोंडावर रडकुंडीला आलेल्या मुलीला फीचे पैसे देऊन त्याच दमात रविवारी चर्चला ये म्हणणं तर मला शिसारीच आणतं. पैसे द्यायचे तर द्या आणि तोंड बंद ठेवा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी आउटरीचवाले, म्हणजे कॉलेजांत प्रचाराला जाणारे आमचे लोक, सांगतच नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये सगळे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिश्चन अजून नाहीत. म्हणजे एससीच्या मुलाने बाप्तिस्मा घेतला तर त्याची स्कॉलरशिप, त्याची सीट, पुढची नोकरी सगळ्यावर प्रश्न येऊ शकतो (आदिवासी मुलांना एसटीचा दर्जा धर्मामुळे जात नाही, ते वेगळं). मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो आहे, आणि वीस वर्षांच्या पोराला तो आधी सांगायचा की पाण्यात उतरवल्यावर? बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात शिकवण जड वाटली म्हणून कितीतरी शिष्य निघून गेले, येशू त्यांच्या मागे धावला नाही, उलट उरलेल्या बारा जवळच्या शिष्यांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का? एवढी मोकळीक तो देतो तर आपल्याला काहून घाई?

आमच्या गटात मार्कचं शुभवर्तमान वाचतो, सोळा अध्यायांचं आहे, मराठीत वाचायचं आणि मराठी-हिंदी जशी जमेल तशी चर्चा. कोणी विचारतं की मग माझी आजी नरकात जाणार का, कोणी विचारतं चर्चमध्ये पण जात पाहतातच ना. पाहतात, काही ठिकाणी लग्न जमवताना सर्रास पाहतात, मी सांगते. दोन-चार पोरं कधीच विश्वास ठेवणार नाहीत असं दिसतंय, तरी वाद घालायला येतात आणि त्यांच्यामुळेच खरी मजा येते.

तर प्राचार्य मंडळींना एवढीच विनंती की गेटवर पळापळ करायला लावण्यापेक्षा लेक्चर संपल्यावर एक वर्गखोली द्या, आम्हाला द्या, बुद्धवंदनावाल्यांना द्या, गीतावाल्यांना द्या, नास्तिकांना पण द्या, फक्त कोण बसणार आहे आणि काय वाचणार आहे ते नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरात लागलेलं असू द्या. आमची नोटीस आम्ही लिहून आणतो.

– एक वाचक, सदर, नागपूर