राउटर एका बिघडलेल्या मेसेजने बंद पडतो, तरी तुमच्या लेखी दोष नाही

व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग यांस,

तुमच्या सपोर्टचा पाचवा फोन आत्ता ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. तिकीट उघडून सव्वीस दिवस झाले.

शेजारच्या नेटवर्ककडून एक बीजीपी अपडेट येतं, म्हणजे कुठे कोणत्या मार्गाने जायचं हे नेटवर्क एकमेकांना कळवतात तो मेसेज. त्यातल्या एका अ‍ॅट्रिब्यूटची, म्हणजे मार्गासोबत येणाऱ्या माहितीच्या एका तुकड्याची, लांबी चुकलेली असते. तुमचं सॉफ्टवेअर ती न तपासताच वाचायला जातं आणि राउटिंगची प्रोसेस कोसळते. शेजारच्या राउटरांशी जोडलेली सगळी सेशन्स तुटतात. प्रोसेस उठते, नऊ लाखांहून जास्त रूट (मार्ग) पुन्हा शिकायला लागते, तेवढ्यात तेच अपडेट परत येतं आणि ती परत पडते. त्या रात्री कन्सोलसमोर बसून मी हे अकरा वेळा पाहिलं. अपटाइम एकदाही चार मिनिटांच्या वर गेला नाही. फिल्टर लावा म्हणालात. प्रोसेस फिल्टरपर्यंत पोचायच्या आधीच मरते.

कोअर फाइल (प्रोसेस पडतानाची मेमरीची नोंद) आणि पॅकेट कॅप्चर (आलेल्या मेसेजची जशीच्या तशी नोंद) पहिल्याच दिवशी पाठवलं. नंतर पुन्हा पाठवलं. आज तिसऱ्यांदा मागितलं, तेही दिलं.

आणि आजचं बोलणं. "राउटर हॅक झालाय का?" नाही. "डेटा बाहेर गेला?" नाही. "मग सर, हा सिक्युरिटीचा प्रश्न कसा? रीस्टार्ट झाल्यावर चालतोय ना?" बाहेरच्या कुणालाही, पासवर्डशिवाय, माझी सेवा बंद पाडता येते, ही सुरक्षेतली त्रुटीच आहे, असं मी सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "तुम्ही शेजारच्यांना सांगा ना, चुकीचं पाठवू नका म्हणून." अहो, शेजाऱ्याचा राउटर ते अ‍ॅट्रिब्यूट ओळखतच नाही, म्हणून जसंच्या तसं पुढे देतो. ते मुळात कुठून निघालं हे त्यालाही ठाऊक नाही. हे तुमच्या माणसाला मी शिकवायचं?

ऑगस्ट 2010 मध्ये एका प्रयोगातलं अनोळखी अ‍ॅट्रिब्यूट काही राउटरांनी बिघडवून पुढे पाठवलं आणि ठिकठिकाणची सेशन्स तुटली. 2015 मध्ये आरएफसी 7606 हे इंटरनेटचं मानक आलं: अशा अपडेटमधले रूट मागे घेतले असं धरा, शक्य तिथे सेशन तोडू नका. त्याचं पालन होतं असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. त्यावर विश्वास ठेवून मी हे राउटर घेतले, आणि दहा वर्षं दुसरीकडे पाहिलंही नाही. याचंच जास्त वाईट वाटतं.

सात दिवसांत पॅचची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीची, तारीख लेखी कळवा. नाही आली तर सगळं कॅप्चर राष्ट्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेकडे देईन आणि तुमचे राउटर काढायला सुरुवात करीन. कोअर फाइल चौथ्यांदा मागू नका.

— तिकीट उघडणारा नेटवर्क इंजिनिअर