जुना सायलेन्सर विकू नकोस

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
रविवार, दुपार

चि. ऋतुजा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ काल शटर ओढल्यावर चार वेळा ऐकला. बोगद्यातून जाणारी चार सिलिंडरची गाडी, काटा बारा हजारांवर. खाली तू लिहिलंस, "बाबा, माझ्या आरसीला असा आवाज येईल ना? इथं एकजण तासाभरात पाइप बसवून देतो म्हणतोय." तुला फोन लावला तर तू मीटिंगमध्ये. पण हे फोनवर उरकण्यासारखंही नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी स्पष्ट सांगतो. तो आवाज तुझ्या गाडीला येणार नाही, कितीही महागाचा पाइप लाव. आवाज इंजिनाचा असतो. त्यातलं किती आणि काय बाहेर सोडायचं एवढंच सायलेन्सरच्या हातात. फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक स्फोट. तुझी आरसी एका सिलिंडरची; ती ९,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर, असली की मिनिटाला ४,५०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला ७५. चार सिलिंडरच्या गाडीत फेऱ्याला दोन स्फोट, म्हणून १२,००० वर सेकंदाला ४०० होतात. आईच्या पेटीवरची पांढरी पाच ३९२ च्या आसपास वाजते. तू ऐकलास तो जवळजवळ तो सूर, आणि भोवती बोगद्याच्या भिंती. ७५ म्हणजे खर्ज. चांगल्या पाइपनं तुझा खर्ज मोकळा होईल, गोल होईल, पण तो पांढरी पाचवर जाणार नाही. तुझ्या गाडीचा स्वतःचा आवाज वाईट नाही गं. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा गिअर खाली टाकत गल्लीत वळलीस, मी लेथवरून मान वर केली होती.

आता ताकदीचं. तुझ्या त्या माणसानं काय सांगितलं असेल ते मला इथं बसून कळतं: "मॅडम, पिकअप बदलून जाईल." स्लिप-ऑननं, म्हणजे नुसता मागचा डबा बदलून, पिकअपमध्ये तुला जाणवेल असा फरक पडत नाही. वजन कमी होतं, आवाज वाढतो. ताकद असते ती इंजिनातून निघणाऱ्या पुढच्या बेंड पाइपच्या लांबीत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून खाली पोचलेलाही नसतो. आतला दाबलेला धूर धडका मारत बाहेर पडतो आणि त्या धडकेची लाट पाइपातून पळत सुटते. तापलेल्या धुरात ती सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, म्हणजे एका मिलिसेकंदात अर्धा मीटर. पाइप जिथं मोकळा होतो किंवा रुंदावतो तिथून ती उलटी फिरते, आणि उलटताना ओढ घेऊन येते. ही ओढ नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह जरा जरा उघडे असताना परत पोचली, तर उरलासुरला धूर खेचून काढते आणि त्याच्यामागून ताजी हवा आत येते. तुझ्या इंजिनाचा एक फेरा ९,००० वर पावणेसात मिलिसेकंदांहून कमी वेळात संपतो. त्यात ही वेळ गाठायची. बेंड पाइप दोन-चार इंच लांब-आखूड केला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते नाहीतर खालच्या. म्हणून कुणी "पाइप मोकळा केला" म्हणालं की मी आधी विचारतो, कुठून कुठपर्यंत?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, टू-स्ट्रोकवर शिकलो. आरएक्स १०० इथं १९८५ पासून १९९६ पर्यंत बनली. तिच्या सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, काढून फिरणारी पोरं प्रत्येक पेठेत होती. पुंगळी काढण्यात काही कसब नाही. कसब होतं चेंबर, म्हणजे टू-स्ट्रोकचा मधे फुगलेला पाइप, बनवण्यात. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात ते साधलं. आधी रुंदावत जाणारा कोन, मग निमुळता होत जाणारा कोन. पहिला कोन ओढ परत पाठवतो, दुसरा दाब. तो दाब सिलिंडरबाहेर निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) बंद व्हायच्या आत परत ढकलून देतो. हलणारा एकही भाग नाही, नुसता पत्रा, आणि त्याच्या जिवावर छोटं इंजिन मोठ्यांना मागं टाकायचं. त्याचाच रायडर अर्न्स्ट डेगनर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळून गेला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि पुढच्या वर्षी त्यानं त्यांना ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिलं. हे सगळं मला एका गोव्याच्या रेसरनं कागदावर कोन काढून समजावलं होतं. तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मी पुठ्ठ्यावर साचे कापले, पत्र्याचे कोन वळवले, गॅस वेल्डिंगनं जोडले. पहिले दोन बिघडले. तिसरा लागला. तालमीतल्या एका पोराच्या आरएक्सला तो बसवला आणि गाडी सात हजारांच्या पुढं अशी सुटली की मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ओरडलो.

पुढचं तुला कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा आपण राजारामपुरीत भाड्यानं राहायचो. तू आणि आई नुकत्याच आजोळाहून आला होता, तू तीन महिन्यांची. रात्रीचे साडेअकरा. मी पाळण्याची दोरी धरून अर्धवट झोपेत. कोपऱ्यावरून गाडी आली आणि तुझे दोन्ही हात एकदम वर झाले, बोटं फाकलेली, तोंड उघडं, पण आवाज नाही. श्वास अडकल्यासारखी तू तशीच राहिलीस आणि मग रडलीस. पाऊण तास गप्प झाली नाहीस. आई म्हणाली, "कोण मेला असल्या गाड्या बनवतोय?" मी काही बोललो नाही. तो आवाज मला ओळखू आला होता. सात हजारांच्या पुढं तो कसा पातळ होत जातो ते मीच जमवलं होतं. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्याही रात्री तेच.

चौथ्या दिवशी मी त्या पोराला बोलावून चेंबरच्या शेवटी जाळीची नळी आणि ग्लासवूल भरलेला डबा जोडला. तो भांडला, मी त्याचे सगळे पैसे परत दिले. त्यानंतर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला डब्याशिवाय पाइप मी केलेला नाही. बुलेटला फटाका लावून द्या म्हणून महिन्याला दोन-तीन जण येतातच. त्यांना चहा पाजतो आणि परत पाठवतो.

तू पुण्यात कर्वेनगरात राहतेस. पहाटे पाचला ताम्हिणीला निघतेस. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे आणि रहिवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब आपल्या रोजच्या मापांसारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दहापट होते, कानाला दुप्पट वाटतं. मूळ सायलेन्सर बदलून उघडा डबा लावला की वाढ दहावर थांबतही नाही. तुमच्या बिल्डिंगमधून तू एकटी बाहेर पडतेस, पण उठतात किती घरं ते मोज. पोलिसांचं म्हणशील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडून वर रोडरोलर फिरवतात. तो फोटो पेपरात आला की मला त्यातली चांगली वेल्डिंगं दिसतात आणि वाईट वाटतं.

त्या माणसाकडच्या डब्यावर कोणाचं नाव कोरलंय ते बघून भुलू नकोस. स्लोव्हेनियातल्या इगोर अक्रापोविचनं १९९० च्या सुमारास सायलेन्सरची कंपनी काढली. तो स्वतः रेसर होता आणि मिळणाऱ्या पाइपांच्या दर्जावर त्याचं समाधान होत नव्हतं. त्याच्या नावाचे नकली डबे आपल्याकडे ढिगानं विकले जातात. आत हात घालून बघ. जाळीच्या नळीला भोकं पाडताना राहिलेली बुरी, म्हणजे धारदार कड, बोटाला लागली, तर तो डबा ठेव तिथंच. ग्लासवूल वर्षा-दोन वर्षांत जळून उडतं आणि आवाज फुटतो. चांगला डबा रिव्हेट काढून परत भरता येतो, नकली बहुतेक वेळा बंद करून टाकलेला असतो.

आणखी एक, आणि हे नीट वाच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, कुठं आहे ते गाडीखाली झोपून आधी बघ. तो काढायचा नाही. रस्त्याच्या गाडीला तर नाहीच. तुझ्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर आहे, तो धुरातला ऑक्सिजन वाचून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरलेल्या मॅपवर, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं त्या तक्त्यावर, चालतो. धूर मोकळा झाला आणि मॅप तोच राहिला तर मिश्रण पातळ होऊ शकतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात त्याला पोरं ताकद समजतात. ते न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतंय, किंवा जोडातून हवा शिरतेय. मला कुठल्याही गाडीवर तो आवाज आला की मी पहिल्यांदा जोडावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघतो.

पण तुला नाही म्हणण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. फेब्रुवारीत तू चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैच्या ट्रॅकवर जाणार म्हणालीस. ३.७ किलोमीटरचा तो ट्रॅक, तिथं गाडी उघडायला जागा आहे आणि कुणाची झोप नाही. त्या दिवसासाठी मी तुला फुल सिस्टिम, म्हणजे बेंड पाइपापासून डब्यापर्यंत सगळं, करून देतो. ३०४ स्टेनलेस, आर्गन वेल्डिंग, पाइपच्या आतूनही आर्गन सोडून, म्हणजे आतला टाका काळा-खरबरीत होत नाही. डबा मात्र लांब करणार आणि डीबी किलर, म्हणजे आवाज दाबणारी काढता येणारी नळी, बोल्टनं बसवणार. ट्रॅकवरही आवाज मोजला जाऊ शकतो. मॅपिंगसाठी डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, असलेला माणूस माझ्या ओळखीत आहे, त्याच्याकडे एक दिवस जाऊ. ट्रॅकहून आलीस की मूळ सायलेन्सर परत चढवायचा. दोन तासांचं काम आहे, तुला शिकवतो.

तेव्हा मूळ सायलेन्सर तो माणूस "एक्सचेंज"मध्ये मागेल, देऊ नकोस. पोत्यात गुंडाळून पलंगाखाली ठेव.

बसवताना घाई चालत नाही. सगळे जोड आधी हातानं सैल लावायचे, स्प्रिंग अडकवायच्या, डबा क्लॅम्पमध्ये मोकळा लटकू द्यायचा. मग हेडपासून घट्ट करत मागं यायचं. मागून सुरुवात केलीस तर सगळा ताण हेडच्या स्टडवर येतो, आणि स्टड तुटला की दिवस गेला. गॅस्केट दर वेळी नवं. शेवटी पाइप स्पिरिटनं पुसायचा, बोटांचा एकही ठसा ठेवायचा नाही, कारण पहिल्यांदा तापला की हाताचा घाम-तेल त्यावर कायमचं जळतं. माझ्या पहिल्या स्टेनलेस पाइपवर अंगठ्याचा ठसा निळा होऊन बसलाय, शेल्फावर वरच्या फळीत आहे, तुला दाखवीन.

शनिवारी ये. दुपारी निघालीस तर अंधार पडायच्या आत पोचशील. खंबाटकीत पाऊस असला तर थांब, चहा पी, मग ये. गाडी सरळ दुकानात लाव आणि चावी दे. रात्रभर इंजिन पूर्ण थंड होऊ दे, बोल्टांवर तेल टाकून ठेवतो. सकाळी सातला दोघं मिळून सोडू. हातमोजे तुझ्या मापाचे आणून ठेवलेत.

तुझे,
बाबा