जुनी टाईपरायटर मशिनं चालती ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची मूळ प्रत पोस्टाने तुमच्याकडे आली असेल. ही तिचीच नक्कल, सगळ्यांनी वाचावी म्हणून. तुमचं नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते टाळलं आहे. पण आभार जाहीरच मानायचे होते.

गोदरेजने 1955 साली आपल्याकडे टाईपरायटर बनवायला सुरुवात केली आणि 2009 च्या सुमारास नवं मशीन निघणं थांबलं. पुढे सरकारी टंकलेखन परीक्षा संगणकावर गेल्या आणि इन्स्टिट्यूटमधली चांगली चालणारी मशिनं किलोच्या भावाने भंगारात गेली. जी उरली ती आज कामाला येतात, कारण तुमच्यासारखे मोजके लोक ती उघडू शकतात. तुम्ही तर त्याच्या पुढे गेलात. हातातली विद्या मुठीत न ठेवता जो विचारेल त्याला शिकवलीत. आमचे आभार मुख्यतः त्यासाठी.

टाईपरायटर आजच्या काळात कशाला, असं विचारणाऱ्याला तुम्ही कधी भावनेचं उत्तर दिलं नाहीत, कामाचं दिलंत. छापील फॉर्म भरायचा असेल तर रोलरच्या डाव्या मुठीतलं बटण दाबून रोलर मोकळा करा, फॉर्मची रेघ समोरच्या पट्टीवरच्या खुणेला आणा, की मजकूर नेमका रेघेवर बसतो. प्रिंटरवर तेवढ्यासाठी तीन कागद वाया जातात. लखोट्यावरचा पत्ता, रजिस्टरला चिकटवायची चिठ्ठी, वीज नसताना करायचा अर्ज, कार्बन घालून एका दमात मूळ प्रत आणि दोन-तीन नकला: एवढ्या कामांना मशीन आजही सरस आहे. पातळ कागद, कार्बनची चकचकीत बाजू खाली, आणि ठोका सरळ. ज्या मजकुरात दहा वेळा फेरफार होणार तो संगणकावरच करावा, हेही तुम्हीच सांगता. शिवाय मशीनवर बसलं की दुसरं काही उघडता येत नाही. वाक्य आधी मनात पुरं करावं लागतं. आम्हाला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

आता तेलाबद्दल. टाईपबार, म्हणजे अक्षर कागदावर आपटणारी दांडी, अडकला की घरोघरी पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो आणि तिथेच मशीन बिघडतं. टाईपबार ज्या अर्धगोल सेगमेंटमध्ये बसतात त्याच्या खाचा अगदी अरुंद असतात. तेल पडलं की दोन दिवस सगळं सुरळीत चालतं. मग त्या तेलात धूळ आणि खोडरबरचा भुगा मिसळून चिकटा तयार होतो, आणि अक्षर वर जातं पण परत येत नाही. तुमची रीत अशी: सेगमेंटखाली जुनं फडकं घालायचं, ब्रश मिनरल टर्पेंटाईनमध्ये जेमतेम बुडवायचा, खाचांत घासायचं, आणि घासता घासता एकेक की वीस-पंचवीस वेळा दाबायची. काळं पाणी फडक्यावर उतरतं. वाळू द्यायचं आणि फडक्यावर उतरणारं टर्पेंटाईन स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा तेच. खिडक्या उघड्या, जवळपास उदबत्तीसुद्धा नको. टर्पेंटाईन रंगावर आणि रोलरच्या रबरावर उडू द्यायचं नाही. तेल फक्त कॅरेजच्या, म्हणजे रोलर घेऊन सरकणाऱ्या भागाच्या, रुळावर, तेही शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर येईल तेवढं, आणि लगेच पुसून. सेगमेंटमध्ये कधीच नाही. एवढी एक गोष्ट लोकांनी पाळली तरी बंद पडलेली कितीतरी मशिनं पुन्हा चालू होतील.

मराठी मशीनची पारख तर तुम्हीच डोळ्यांत घातलीत. इंग्रजी अक्षर केसभर वरखाली झालं तर खपून जातं, पण आपल्याकडे शिरोरेषा आहे. शिफ्टवरचं अक्षर आणि साधं अक्षर यांची रेषा जुळली नाही की शब्द पायऱ्यांसारखा दिसतो. शिफ्टचे दोन अडसर असतात, एक वरचा, एक खालचा. शिफ्टचं आणि साधं अक्षर आळीपाळीने टाईप करत स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त न फिरवता रेषा एकसंध करायची आणि मगच नट आवळायचा. दुसरी खूण मात्रा-अनुस्वारांच्या मुक्या कळांची. त्या दाबल्यावर कॅरेज जागची हलता कामा नये. हलली तर मात्रा अक्षरावर न बसता बाजूला पडते. असं झालं तर टाईपबार वाकवत बसू नका, कॅरेज सोडणारा दाता तपासा, हे तुमचं वाक्य आता आमच्या तोंडी बसलं आहे.

कॅरेज ओढणारी दोरी तुटली की लोक मशीन गेलं असं समजतात. दोरी बहुधा ड्रमपाशी, म्हणजे स्प्रिंग असलेल्या ज्या डबीवर ती गुंडाळली जाते तिथे, झिजून तुटते, किंवा कॅरेज मोकळी करून सुसाट सोडल्यामुळे. मासेमारीची विणलेली दोरी तिच्या जागी चालते. ड्रम आधी तीन-चार वेढे फिरवून स्प्रिंगला ताण द्यायचा, दोरी अडकवायची आणि नुसत्या स्पेसबारने पूर्ण ओळ चालवून बघायची. शेवटच्या घरांत कॅरेज रेंगाळली तर अर्धा वेढा वाढवायचा. एका ठोक्यात दोन घरं उडाली किंवा कॅरेज परत सारताना जड लागली तर ताण जास्त आहे. बोट ड्रमवरून सोडायचं नाही. स्प्रिंग उलटी सुटली तर हात सोलतो.

रिबीन मिळत नाही ही नेहमीची तक्रार. तुम्ही दाखवलंत की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या रिफिलमधली अर्धा इंच रुंदीची नायलॉन रिबीन जुन्या स्पूलवर गुंडाळता येते. स्पूल मात्र टाकून द्यायचे नाहीत. रिबीन आयलेटने, म्हणजे तिच्यात ठोकलेल्या धातूच्या बारीक कडीने, उलटणारं मशीन असेल तर दोन्ही टोकांपासून चार-पाच बोटांवर आयलेट ठोकायचं, नाहीतर रिबीन उलटत नाही आणि टोकाशीच छिद्रं पडतात. स्टॅम्प पॅडची शाई ओतायची नाही, ती लवकर वाळते आणि अक्षरांच्या पोटात बसते.

रोलरला नखाने दाबून बघायचं. जराही दबला नाही तर रबर दगड झालं आहे: आवाज वाढतो, पूर्णविराम कागदाला भोक पाडतो. नवं रबर चढवेपर्यंत टाईप करायच्या कागदामागे एक जाड कागद ठेवला की काम भागतं. मशीन हलवताना दोन्ही मार्जिन मधोमध आणून कॅरेज बांधून ठेवायची आणि फ्रेमला धरून उचलायचं, कॅरेजला धरून नव्हे. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. सुती आवरण घालावं आणि आठवड्यातून एकदा तरी पानभर टाईप करावं.

काका, हे सगळं तुम्ही फुकट सांगितलंत. सुटे भाग मिळत नसताना दुसऱ्या मशीनमधून काढून बसवलेत आणि त्याचेही पैसे घेताना संकोचलात. तुमच्यामुळे आमची मशिनं शोभेची न होता रोजच्या कामात आहेत. त्याबद्दल मनापासून आभार.

भंगारात निघालेल्या मशिनांतून काय काढून ठेवायचं ते तुम्ही सांगितलं होतं: स्पूल, टाईपबार, फीड रोलर, मार्जिन स्टॉप आणि प्रत्येक स्क्रू. त्याप्रमाणे डबा भरून ठेवला आहे, मराठी आणि इंग्रजी भाग वेगळे करून. पुढच्या वेळी याल तेव्हा घेऊन जा.

आपले नम्र,
अजूनही मशीनवर टाईप करणारे आम्ही सगळे