रॅप रेडिओवर लागत नाही त्याचं कारण शिव्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने लिहिलं होतं की ही रॅपवाली पोरं नुसत्या शिव्या घालतात म्हणून त्यांना रेडिओवर कोणी लावत नाही आणि तेच बरंय. पत्र दोनदा वाचलं, मग राहवेना म्हणून लिहायला बसले. मी पुण्यात एका खाजगी एफएम स्टेशनवर सहा वर्षं म्युझिकचं काम केलंय. आरजे नाही, माझा आवाज तुम्ही कधी ऐकला नसणार. कुठलं गाणं किती वाजता लागणार तो लॉग बनवायचं काम. त्यामुळे गाणं स्टेशनपर्यंत कसं येतं आणि नेमकं कुठे अडतं हे मी रोज बघितलंय, आणि खरं सांगते, शिव्या हे कारण यादीत पार खालचं आहे. शिवी असली तर तो शब्द म्यूट करून क्लीन व्हर्जन काढायला अर्धा तास लागतो, कुठलाही स्टुडिओवाला काढून देतो.

आधी एक गैरसमज काढते. आरजे आपल्या मनाने गाणी लावतो असं सगळ्यांना वाटतं, मलाही नोकरी लागायच्या आधी वाटायचं. तसं नसतं हो. एक सॉफ्टवेअर असतं, त्यात गाण्यांचे गट पाडलेले असतात, सगळ्यात गाजत असलेली दहा-पंधरा गाणी एका गटात, ती दर दोन-तीन तासांनी फिरत राहतात, मग थोडी उतरलेली, मग जुनी. प्रत्येक तासाचं एक घड्याळ आखलेलं असतं की या मिनिटाला नवं, त्यानंतर जाहिराती, मग जुनं, आणि ते घड्याळ बऱ्याचदा पुण्यात आखलंच जात नाही, मोठ्या नेटवर्कचं असेल तर मुंबईच्या ऑफिसात ठरतं. आरजेला मधली दोन मिनिटं बोलायला मिळतात. म्हणजे एखाद्या आरजेला पोराचं गाणं मनापासून आवडलं तरी ते लावायचं बटण त्याच्या हातात नसतं. माझ्याबरोबरचे दोन-तीन जण खरंच रॅप ऐकणारे होते, गाडीत ऐकायचे, ऑन एअर लावू शकत नव्हते.

आता गाणं त्या यादीत शिरतं कसं ते सांगते. सिनेमाच्या गाण्यामागे म्युझिक कंपनी असते. रिलीजच्या आधीच फाइल येते, हक्कांचा करार आधीपासून झालेला असतो, कलाकार इंटरव्ह्यूला येणार असतात, सिनेमाची जाहिरातही आपल्याकडेच येणार असते, सगळं आयतं. आणि रॅपवाल्या पोराचं काय येतं तर व्हॉट्सअॅपवर एक लिंक. ताई ऐका ना. ऐकलं, आवडलं, तरी माझा पहिला प्रश्न काय असायचा, बीट, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, कोणाची? इथेच दहातली आठ गाणी बाद व्हायची. पोरं बीट यूट्यूबवरून उचलतात, वर फ्री लिहिलेलं असतं, पण ते फ्री म्हणजे पैसे न कमावता वापरायला फ्री, रेडिओवर वाजवायला नाही. काही जण हजार-दोन हजार देऊन लीजवर, म्हणजे भाड्याने, घेतात, पण तीच बीट अजून पन्नास जणांना विकलेली असते आणि लीजच्या कागदात ब्रॉडकास्टचा शब्दच नसतो. काही गाण्यांत तर मधेच बीटवाल्याचा टॅग ऐकू येतो, त्याच्या नावाचा आवाज, तो पण पोराने काढलेला नसतो कारण टॅगशिवायची फाइल घ्यायला जास्त पैसे पडतात. स्टेशनचा वकील असल्या गाण्याला हात लावत नाही, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण या पोरांना हे कोणी सांगितलंय कधी? कॉलेजात नाही, घरी नाही, स्टेशनवाले तर रिप्लायच देत नाहीत, त्यामुळे पोराला वाटतं की माझं गाणं वाईट होतं.

कागद सगळे नीट असले तरी पुढची पायरी आहेच. गाण्याची टेस्ट होते. श्रोत्यांना फोनवर किंवा हॉलमध्ये बसवून गाण्याचा आठ-दहा सेकंदाचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचं, ओळखीचं आहे का, आवडतं का, कंटाळा आलाय का. सिनेमाच्या गाण्याला यात काहीच अडचण नसते, ट्रेलरमध्ये ऐकलेलं असतं, तुकडा लागला की माणूस हो म्हणतो. रॅपचा जीव तर सोळा-सोळा ओळींच्या कडव्यात असतो, यमकात यमक अडकवत पोरगा शेवटच्या ओळीला जो पंच मारतो त्यात असतो, तो दहा सेकंदात कसा कळणार. आणि ओळखीचं तर ते नसतंच, कारण रेडिओवर कधी लागलेलंच नाही. लागत नाही म्हणून ओळखीचं नाही आणि ओळखीचं नाही म्हणून लागत नाही. सहा वर्षं मी हे बघत होते, मीटिंगमध्ये दोनदा बोललेसुद्धा, पण मीटिंगचे विषय वेगळे असतात, जाहिरातीचे आकडे असतात.

तेच रॅप सिनेमातून आलं की मात्र सगळं चालतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये गली बॉय आला. मुंबईच्या डिव्हाइन आणि नेझी या रॅपर पोरांच्या आयुष्यावरून सुचलेला सिनेमा, त्यात खऱ्या रॅपर लोकांचे आवाज आणि लिखाण. एका आठवड्यात रॅप आमच्या सगळ्यात वरच्या गटात, सकाळच्या शोमध्ये, ड्राइव्ह टाइममध्ये, म्हणजे लोक गाडीने ऑफिसला जातात-येतात त्या वेळी. तोच रांगडा आवाज, तीच गल्लीची भाषा. एकाही श्रोत्याचा तक्रारीचा फोन आलेला मला आठवत नाही. मग त्याआधी काय अडलं होतं? लोकांना झेपणार नाही हे आम्ही ऑफिसात बसून ठरवलेलं, लोकांना कोणी विचारलंच नव्हतं. लाट ओसरल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, कारण फक्त सिनेमातलं रॅप आत आलं होतं, त्याच पोरांची स्वतःची गाणी बाहेरच राहिली.

आणि मराठीत रॅप करणाऱ्याला तर डबल मार आहे. मुंबईच्या एफएमवर मराठी गाणी लावली तर स्टेशन डाउनमार्केट वाटतं, हे संगीतकार कौशल इनामदारांना ऐकवलं गेलं होतं आणि त्या रागातून त्यांनी शेकडो गायक जमवून २०१० साली मराठी अभिमानगीत उभं केलं, हे तुमच्या वाचकांना आठवत असेल. त्यानंतर फरक पडला, नाही असं नाही, सिनेमाची मराठी गाणी लागायला लागली. पण अमरावतीच्या वऱ्हाडी बोलीत कोणी रॅप करतंय, माही जी नावाची महादेव कोळी समाजातली मुलगी जंगल-जमिनीवर रॅप करतेय, मुंबईच्या स्वदेसी ग्रुपने आरेच्या जंगलावर प्रकाश भोईर यांच्यासारख्या तिथल्याच आदिवासी माणसाला बरोबर घेऊन गाणं केलंय, हे यादीत कुठल्या गटात टाकायचं हेच सॉफ्टवेअरपुढे बसलेल्या माणसाला कळत नाही. मलाही कळायचं नाही. लोकगीत म्हणावं तर ढोलकी नाही, पॉप म्हणावं तर बोली गावची. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले, पण आज वीस वर्षांचा पोरगा ज्या मराठीत स्वतःहून वह्याच्या वह्या भरतोय ती मराठी आपल्याच शहराच्या रेडिओवर ऐकू येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

विषयांची भीती हा अजून एक भाग, याच्यावर कोणी उघड बोलत नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीची प्रोग्राम कोड, म्हणजे काय ऐकवायचं नाही याची नियमावली, त्यांनाही लागू आहे, लायसन्स सरकारचं. अशात रॅपमध्ये नगरसेवकाचं, पाण्याचं, एसआरएचं म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचं, जातीचं काही आलं की मॅनेजर म्हणतो राहू दे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर आणि मुंबईच्या उमेश खाडेवर राजकीय रॅपवरून गुन्हे दाखल झाले होते, तेव्हा आमच्याकडे कोणी ऑर्डर वगैरे काढली नाही, पण त्या महिन्यात रॅप हा शब्दच मीटिंगमध्ये कोणी काढला नाही. ज्या महाराष्ट्रात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख डफावर थाप मारून सरकारला सुनवायचे तिथे हे बरं दिसत नाही. रॅप अमेरिकेतून आलं हे खरंय, पण ठेक्यावर उभं राहून चार लोकांसमोर खडे बोल सुनवायचे हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको होतं.

कोणी म्हणेल आता रेडिओ लागतो कशाला, यूट्यूब आहे, रील्स आहेत. आहेतच की. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन रेडिओच्या जिवावर मोठा झाला नाही, फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला तो त्याच्या पब्लिकच्या मतांवर. २०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं तांबडी चामडी हे गाणं आधी रील्सवरच धुमाकूळ घालून आलं. पण एक स्टॅन होतो तेव्हा मागे किती पोरं राहतात ते मी बघते. कासारवाडीचा एक पोरगा माझ्याकडे यायचा, त्याची आई एका मेसमध्ये पोळ्या लाटते, सकाळी सहापासून, भिंतीवर रेडिओ लावलेला, दिवसभर चालू. पोराच्या गाण्याला यूट्यूबवर बऱ्यापैकी व्ह्यूज होते, तो आईला दाखवायचा, आई म्हणायची तिथे कोणीपण टाकतं रे, रेडिओवर लागलं तर मी मानेन. मला हे तेव्हा थोडं जुन्या वळणाचं वाटलं होतं. आता वाटतं तिचं बरोबर आहे. यूट्यूबवर जो शोधतो त्याला सापडतं, रेडिओवर न शोधता कानावर पडतं, रिक्षात बसलेल्या माणसाला, दुकानातल्या काकांना, पोळ्या लाटणाऱ्या बाईला. ही पोरं ज्यांच्याबद्दल लिहितात ती ही माणसं, आणि त्यांच्यापर्यंतच गाणं पोचत नाही.

त्या पोराचं एक गाणं मी एकदा लावलं. रात्री अकरा चाळीसला, एका गाण्याची फाइल खराब निघाली होती तिथे. बीट त्याच्या मित्राची होती, लेखी परवानगी माझ्याकडे होती, शिवी एकही नाही, गाणं मेसच्या डब्यांवर. अर्ध्या तासात स्टेशनच्या नंबरवर सतरा मेसेज आले, हे कोणाचं आहे म्हणून, मी मोजले होते. दुसऱ्या दिवशी मला बोलावून विचारलं गेलं की लॉगबाहेरचं गाणं कोणाच्या परवानगीने गेलं. सतरा मेसेज दाखवले, ते कोणी वाचले नाहीत. मला मेमो मिळाला, त्याचं मला काही नाही, नियम मोडला होता हे मान्य आहे. पण त्या पोराची आई त्या वेळी झोपली होती, पहाटे उठायचं असतं म्हणून, आणि तिने ते ऐकलंच नाही.

थोडं मागचं सांगते कारण ते इथे लागू पडतं. आज ज्या सिनेसंगीताने सगळा लॉग भरलेला असतो, त्याच सिनेसंगीताला एकेकाळी रेडिओने बाहेर काढलं होतं. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, जन्माने आपल्या पुण्याचेच, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, अमीन सायानींची गीतमाला ऐकायला घरंच्या घरं बसायची. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आजची पोरं रेडिओ सोडून फोनकडे गेलीत ते याहून फार वेगळं नाहीये, आणि तेव्हा निदान पाच वर्षांत दार उघडलं होतं.

करता येण्यासारखं फार अवघड नाहीये. शनिवारी रात्री दहा ते अकरा, एक तास, स्थानिक. त्या तासाला टेस्ट नको, मुंबईचं घड्याळ नको, फक्त हक्कांचे कागद आणि क्लीन व्हर्जन बघा. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे संस्थांनी आपापल्या भागापुरते चालवलेले, तर हे उद्या करू शकतात, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर आहे, म्हसवडला माणदेशी तरंग आहे, त्यांची रेंज दहा-पंधरा किलोमीटरची का असेना, पोराला आपल्या वस्तीत तरी ऐकू येईल. आकाशवाणीने युववाणीत कित्येक नवे आवाज तयार केलेत, तिथे रॅपला अर्धा तास द्यायला काय हरकत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नवीन शहरांत ७३० एफएम चॅनल द्यायचं ठरवलं तेव्हा मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना बळ मिळेल असंच कारण दिलं होतं. मग लायसन्स देताना स्थानिक कलाकारांसाठी आठवड्याला अमुक तास अशी अट घाला ना, नाहीतर नव्या शहरांतही मुंबईचीच यादी वाजणार.

पोरांनाही सांगते, दादांनो, बीट मित्राकडून बनवून घ्या आणि त्याच्याकडून एका कागदावर सही घ्या, गाण्याला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, घ्या, गाणं अ‍ॅपवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर तो देतो, क्लीन व्हर्जन वेगळं ठेवा, एमपीथ्री नको, वेव्ह फाइल ठेवा, तिच्यात आवाज दाबलेला नसतो. आणि सुरुवातीला चाळीस सेकंद नुसती बीट नका वाजवू, रेडिओत तेवढा धीर कोणाला नसतो.

मी ते स्टेशन सोडून आता दोन वर्षं झाली. कासारवाडीच्या पोराचं ते गाणं माझ्याकडे अजून आहे. दोन मिनिटं पन्नास सेकंद, वेव्ह फाइल, बीटवाल्याची सही, पोराची सही, सगळं. पुण्यातल्या कुठल्याही स्टेशनला हवं असेल तर तुमच्या ऑफिसमार्फत कळवा, मी त्याच दिवशी घेऊन येते. एवढंच बघा की सकाळी सहा ते दुपारी दोनच्या मधे लावा, तेव्हा मेसमधला रेडिओ चालू असतो.

आपली नम्र,
एक वाचक, पिंपरी