गावतळं आणि ओढा वाचवायला हात द्या : समस्त ग्रामस्थांना आवाहन

समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, तालीम मंडळं, बचत गट, दूध संस्थांचे सभासद आणि नोकरी-धंद्यानिमित्त कोल्हापूर, पुणे, मुंबईला राहणारी आपली माणसं, सर्वांना सप्रेम नमस्कार.

येत्या पाडव्याला गावतळ्याचं काम सुरू करायचं असं ग्रामसभेत ठरलं आहे. तळ्यातली जलपर्णी आणि गाळ काढायचा, मागच्या अंगाला टाकलेला राडारोडा उचलायचा आणि तळ्यापासून पंचगंगेपर्यंत जाणाऱ्या ओढ्याच्या दोन्ही काठांना देशी झाडं लावून ती तीन पावसाळे जगवायची. गाळाचं काम वळीव पडायच्या आत उरकलं पाहिजे. त्यासाठी पैसा, डिझेल, ट्रॅक्टर आणि माणसं लागणार आहेत, आणि त्याकरताच हे पत्र. बाकडी, कारंजं आणि रंगीत दिवे बसवायचे असते तर आम्ही तुमच्या दारात आलो नसतो. या तळ्यावर आणि ओढ्यावर जे जीव जगतात, ते टिकावेत म्हणून हे काम काढलं आहे.

ग्रामसभेत एका तरुणानं विचारलं, "जगात वाघ-सिंह कमी झाले म्हणून आपण आपलं तळं का उपसायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था दर दोन वर्षांनी जगातल्या वन्यजीवांचा ताळेबंद मांडते. २०२४ च्या अहवालात मासे, बेडूक, साप-सरडे, पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून ५,४९५ जातींचे सुमारे ३५,००० समूह तपासले होते. १९७० ते २०२० या ५० वर्षांत या समूहांच्या संख्येत सरासरी ७३ टक्के घट झाली. याचा अर्थ १०० प्राण्यांतले ७३ मेले असा नव्हे. ठिकठिकाणच्या एकेका समूहात किती घट-वाढ झाली, त्याची ही सरासरी आहे. काही समूह वाढलेही आहेत. पण सरासरी इतकी खाली जाते, याचा अर्थ जिथं ओहोटी लागली आहे तिथं ती फार मोठी आहे. आता त्याच अहवालातला दुसरा आकडा पाहा. जमिनीवरच्या प्राण्यांत घट ६९ टक्के, समुद्रातल्यांत ५६ टक्के आणि नद्या, ओढे, तळी या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांत ८५ टक्के. सगळ्यांत जास्त पडझड कुठे झाली, तर आपल्या दारातल्या पाण्यात. त्या तरुणाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे.

कारणंही परकी नाहीत. राहण्याची जागा हिरावली जाणं हे पहिलं, आणि त्यामागे सर्वांत मोठा वाटा अन्न पिकवण्याच्या आपल्या पद्धतीचा. मग बेसुमार शिकार आणि मासेमारी, बाहेरून आलेल्या जाती, रोगराई, प्रदूषण आणि बदलतं हवामान. यातली बरीचशी आपल्या एका तळ्यात दिसतात. पाण्यावर पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, जाळ्यात येणारी चिलापी आफ्रिकेतली. एका बाजूनं सांडपाणी येतं आणि दुसऱ्या बाजूनं भराव.

तळी कशी जातात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. आपलं शहर एके काळी तळ्यांचं शहर होतं. आज कपिलतीर्थ म्हटलं की भाजी मंडई आठवते आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान आहे. रंकाळा, कळंबा, कोटीतीर्थ उरले, पण तिथंही मासे मेल्याच्या बातम्या येतातच. पंचगंगेचं तर काय सांगावं! उन्हाळ्यात पाणी कमी झालं की तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो, आणि चार दिवस बोंब झाली की आपण विसरतो.

प्राणी एकदम नाहीसे होत नाहीत, आधी ते विरळ होतात. विरळ होत असतात तेव्हा कुणाचं लक्ष नसतं आणि संपल्यावर हळहळून उपयोग नसतो. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. पण देशातला चित्ता मिळेनासा झाला तेव्हा संस्थानिकांना आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले होते, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. पुढं २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून विमानानं ८ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले. केवढा खटाटोप! आणि तरीही काळविटांच्या मागं धावणारे आपल्या माळावरचे चित्ते काही परत आले नाहीत.

चित्ता गेल्यानं शेतकऱ्याचं काही अडलं नाही, असं कुणी म्हणेल. मग गिधाडाचं पाहू.

साठीच्या पुढच्या माणसांनी गावाबाहेर टाकलेल्या जनावरावर गिधाडं उतरलेली पाहिली असतील. बघता बघता नुसती हाडं उरायची. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली आणि बरीच वर्षं कारण कुणालाच उमगेना. शेवटी २००४ मध्ये उलगडा झाला. दुखण्यासाठी गाई-म्हशींना टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक जनावर मेल्यावरही त्याच्या मांसात राहतं आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे जिथं हजार होती, तिथं एक उरलं. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुढं काय झालं? मढी तशीच सडत पडली. पाणी नासलं, मोकाट कुत्री वाढली, रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी पूर्वी गिधाडं असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतल्या मृत्यूंची तुलना करून हिशेब मांडला. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ५ लाख माणसं! गिधाड कुणाला आवडत नव्हतं. अभद्र म्हणून त्याला हाकलायचे. पण फुकटात गाव साफ ठेवणारा तोच होता, आणि त्याची जागा घ्यायला दुसरं कुणीही आलं नाही.

दूध संस्थांच्या सभासदांना म्हणून एक हात जोडून विनंती. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही केंद्र सरकारनं बंदी घातली आहे. म्हैस आजारी पडली की डॉक्टरांकडून मेलॉक्सिकॅमच मागून घ्या. ते गिधाडांना बाधत नाही. यासाठी एक रुपयाही वर्गणी नको.

आता आपल्या शिवारात येऊ. ऊसवाल्यांचा सगळ्यांत मोठा वैरी हुमणी. पहिला वळीव पडला की तिन्हीसांजेला तिचे भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर बसतात. रात्री पाला खातात, नर-मादी जुळतात आणि पहाटे मादी पुन्हा मातीत जाऊन अंडी घालते. त्यातून निघालेली अळी पावसाळाभर उसाच्या मुळ्या कुरतडते. गणपतीच्या सुमाराला बेट पिवळं पडतं आणि हातानं ओढलं की मुळांशिवाय अख्खं उपटून येतं. तेव्हा औषधं ओतून फारसं हाती लागत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण नांगरट चालू असताना नांगरामागं चालून पाहा. पांढरी, वाकडी, 'सी'च्या आकाराची अळी उघडी पडायचा अवकाश, बगळे, साळुंक्या, कावळे तुटून पडतात. कोतवाल तारेवरून झेप घेऊन उडता भुंगा टिपतो. रात्री पिंगळा आणि वटवाघळं कामाला लागतात, जमिनीवर बेडूक असतोच. धामण आणि घुबडं उंदीर सांभाळतात. या पाखरांना बसायला बांधावर झाड लागतं, घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते, बेडकांना अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं. आपण बांध कोरले, पाणंदीच्या कडेची झाडं तोडली, ओढे सरळ करून त्यांचे नाले केले, वर पाचट पेटवून जमिनीवरचं उरलंसुरलं होरपळून टाकलं. मग आपण हुमणीच्या तावडीत सापडलो यात नवल कसलं? पाखरं आणली की हुमणी संपेल, असा दावा आम्ही करत नाही. कीड मोठी आहे आणि तिच्यावर इतर उपायही करावेच लागतात. पण विनामजुरी राबणारे गडी हाकलून द्यायचे आणि मजुरी परवडत नाही म्हणून रडायचं, हे बरं नव्हे.

मधमाशीचंही तेच. दोडका, कारली, भोपळा यांच्या मादी फुलावर माशी आलीच नाही तर ते फळ करंगळीएवढं असतानाच पिवळं पडून गळतं. जगातल्या महत्त्वाच्या अन्नपिकांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त प्रकार कमी-अधिक प्रमाणात किडे-पाखरांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांच्या मंचानं नोंदवलं आहे. त्याच मंचानं २०१९ मध्ये सुमारे १० लाख जाती नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचा इशारा दिला होता.

आणि पाणी. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण भोगले आहेत. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांचा, म्हणजे धोक्याचा, आकडा आला की जनावरं सोडून पळायची तयारी करावी लागते. आमचं एक तळं पंचगंगेचा महापूर अडवणार नाही, हे स्पष्टच सांगतो. पण तळी, ओढे आणि नदीकाठच्या सखल जागा मिळून पाणी धरून ठेवतात आणि त्या एकेक करूनच बुजल्या आहेत. परत मोकळ्या करायच्या तर त्याही एकेक करूनच होतील.

हे सगळं ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही. घटलेली संख्या वाढवता येते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. राधानगरी-दाजीपूरचं जंगल राखलं गेलं, १९५८ मध्ये तिथं अभयारण्य झालं, म्हणून आज तिथं गवा आहे. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली, त्यांत राधानगरी आहे. गव्याचा युरोपातला चुलतभाऊ, युरोपीय बायसन, १९२७ मध्ये जंगलातून पार संपला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून त्याची पैदास केली, आणि २०२० पर्यंत मोकळ्या रानात ६,८०० च्या आसपास झाले. देशात २००६ मध्ये १,४११ वाघ मोजले होते, २०२२ च्या गणनेत ३,६८२ निघाले.

गव्याचं नाव काढलं की राधानगरी, भुदरगडकडच्या पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, तेही खरं आहे. रात्रीत भात किंवा ऊस तुडवून गेलेल्या कळपाचं नुकसान एकट्या शेतकऱ्यानं का सोसायचं? भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळालीच पाहिजे. त्या मागणीत आम्ही त्यांच्याबरोबर आहोत. वन्यजीव राखायचा खर्च गरिबावर ढकलला तर कुणीच राखणार नाही.

आता आमचं मागणं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिचा स्थानिक जैवविविधता निधी असतो. आपली समिती इतकी वर्षं बहुतांशी कागदावर राहिली, ती कामाला लावायची आहे. देणगी याच निधीत जमा होईल. शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल. खर्चाचा अंदाज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे आणि जमा-खर्च दर महिन्याला तिथंच लागेल. कोणाच्याही हातात पावतीशिवाय पैसे देऊ नका, आमच्यातल्या कुणी मागितले तरीसुद्धा.

गणेशोत्सव मंडळांना आणि तालमींना कळकळीनं सांगणं आहे की यंदाच्या डॉल्बीच्या खर्चातला थोडा वाटा तळ्याला द्या. जेसीबी आणि ट्रॉलीवाल्यांनी एकेक दिवस दिला तर डिझेल आम्ही भरू. निघालेला गाळ ज्यांना शेतात टाकायला हवा त्यांनी नाव नोंदवून स्वखर्चानं न्यावा, मात्र माती तपासणीचा अहवाल आल्यावरच, कारण सांडपाण्याचा गाळ पिकाला चालेल का हे आधी पाहावं लागेल. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज, अर्जुन आणि बांबू लावायचे आहेत. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरीची रोपं कृपया देऊ नका. ज्यांची शेतं ओढ्याला लागून आहेत त्यांनी काठाची हातभर जागा सोडली, तर ती देणगी आम्ही सगळ्यांत मोठी मानू.

ज्यांना पैसा देता येत नाही त्यांच्यासाठीही काम आहे. आजी-आजोबांनी तळ्यावर पूर्वी कुठले मासे, पाखरं, कासवं होती ते सांगावं. शाळेतली मुलं लोक जैवविविधता नोंदवहीसाठी लिहून घेतील. जुने फोटो असतील तर दाखवावेत. यंदा पाचट न पेटवता सरीत कुजवणाऱ्यांची नावं ग्रामसभेत वाचून दाखवली जातील. साप निघाला की काठी न उचलता ग्रामपंचायतीत कळवा, सर्पमित्राला बोलावण्याची सोय केली आहे.

तळ्याच्या मागच्या बाजूला भराव टाकणाऱ्यांची नावं आम्ही इथं लिहीत नाही. पाडव्याच्या आत त्यांनी आपणहून तो उचलावा. ट्रॉली कमी पडली तर समिती देईल.

पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून झाली की सकाळी ९ वाजता तळ्याच्या बांधावर जमायचं आहे. येताना खोरं, बुट्टी, विळा आणि पायात जाड बूट असू द्या. जलपर्णीत काचा आहेत, त्यामुळे लहान मुलांना पाण्यात उतरवू नका. चहा-नाश्ता महिला बचत गटाकडून आहे. बाहेरगावच्या मंडळींनी निधीच्या बँक खात्याचा तपशील ग्रामपंचायत कार्यालयातून मागवून घ्यावा.

आपली,
जैवविविधता व्यवस्थापन समिती, ग्रामपंचायत कार्यालय
ता. करवीर, जि. कोल्हापूर