गेटवरच्या नोंदवहीतील तास पगारात का दिसत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोटे-परशुराम, महाड किंवा रोह्याच्या रासायनिक कारखान्यांत दुर्घटना घडली की यंत्रांची आणि तेथील कामगारांची चर्चा होते. परंतु त्या यंत्रांचे नियंत्रण करणारी पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) आणि स्काडाची (पडद्यावरून देखरेख ठेवणारी) यंत्रणा जे बाहेरून येऊन बसवतात, त्या ऑटोमेशन कंपन्यांच्या अभियंत्यांना किती तास आणि किती पगारावर राबवले जाते, हे कोणी विचारत नाही. पुण्यातील अशा एका कंपनीत अकरा वर्षे काढून मी गेल्या वर्षी चिपळूणला परतलो, म्हणून हे लिहीत आहे.

या धंद्यात काम मिळते ते बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेला. पीएलसी, ड्राइव्ह, ट्रान्समीटर या उपकरणांच्या किमती फारशा कमी करता येत नाहीत, त्यामुळे कात्री लागते ती माणसांच्या दिवसांना. कमिशनिंगसाठी, म्हणजे यंत्रणा तपासून चालू करून देण्यासाठी, दहा दिवस धरलेले असतात. आपण साइटवर पोहोचतो तेव्हा केबल ओढून झालेल्या नसतात, त्यात पाच-सहा दिवस जातात, पण उत्पादन सुरू करण्याची तारीख मात्र हलत नाही. मग उरलेल्या रात्री जागून लूप (उपकरणापासून पीएलसीपर्यंतची प्रत्येक जोडणी) तपासायचे. सलग अठरा तास काम मी अनेकदा केले आहे. त्याचा वेगळा मोबदला मागितला की उत्तर ठरलेले असे : तुम्ही इंजिनीअर आहात, कामगार नव्हे. वास्तविक १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ‘कामगार’ या व्याख्येत तांत्रिक काम करणाराही येत होता, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो आहे आणि पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहावे, हीच न्यायालयांची भूमिका राहिली आहे. तेव्हा ‘इंजिनीअर’ या एका शब्दावर हा विषय संपत नाही.

मुलाखतीत सांगितलेल्या वार्षिक आकड्यात साइट भत्ताही मिळवलेला होता, हे मला पहिला पगार हाती आल्यावर कळले. मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे कंपनीकडे अडकली होती. गणपतीत कारखान्याचे उत्पादन मंदावते म्हणून आमचे काम नेमके तेव्हाच लागे. एका वर्षी घर अर्ध्या तासावर असूनही गौरी-विसर्जनाच्या दिवशी मी लोट्यात पॅनेलसमोर उभा होतो. कंपनीने मला काम शिकवले, हे मी विसरलेलो नाही. तरीही हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

कारण हा प्रश्न केवळ आमच्या खिशाचा नाही. चाचणी घेताना एखादा इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी सुरक्षा-व्यवस्था) तात्पुरता बायपास, म्हणजे निष्प्रभ, करावा लागतो आणि काम होताच तो पूर्ववत करायचा असतो. एका कारखान्यात पहाटे चारच्या सुमारास रिॲक्टरच्या तापमानाचा इंटरलॉक मी बायपास केला आणि तो पूर्ववत करायला विसरलो. सकाळी पाळी बदलताना तेथील जुन्या ऑपरेटरने विचारले, म्हणून ते ध्यानात आले. त्या दिवशी पाण्यावर चाचणी चालू होती, आत रसायन नव्हते. असते तर काय झाले असते, या विचाराने मला आजही झोप लागत नाही. त्या कारखान्याच्या कुंपणाला लागूनच वस्ती आहे.

कोकणातील कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. कमिशनिंगचे दिवस केबल जोडून तयार झाल्यापासून मोजावेत आणि तसे ऑर्डरमध्येच लिहावे. बाहेरून आलेल्या माणसाला बारा तासांपुढे कामावर ठेवू नये. किती इंटरलॉक बायपास आहेत, याच्या नोंदीवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय पाळी सुटू नये. आमची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ गेटवरच्या नोंदवहीत रोज लिहिली जातेच. त्या पानाची प्रत बिलाला जोडण्याची अट कारखान्याने घालावी आणि ऑटोमेशन कंपनीने त्या तासांप्रमाणे आपल्या माणसाला पैसे द्यावेत.

आपला,
एक वाचक, चिपळूण (जि. रत्नागिरी)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)