अट १२ लाखांच्या उत्पन्नाची आणि फी ३५० रुपये

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेली दोन वर्षं मी मिस्ट्री शॉपिंगचं काम करतेय. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून शोरूम, हॉटेल, पेट्रोल पंप असं कुठंतरी जायचं, किती मिनिटांत कोण बोलायला आलं, बिल मागायच्या आधी दिलं का, बाथरूम स्वच्छ होतं का हे सगळं लक्षात ठेवायचं आणि घरी येऊन रिपोर्ट भरायचा. तिथं वही काढता येत नाही, सगळं डोक्यात. आमच्या कसबा बावड्यात बायका म्हणतात, तुला बरं की, फिरायचे पैसे मिळतात.

मागच्या महिन्यात एका एजन्सीकडनं कार शोरूमचं काम आलं. अट अशी की वार्षिक उत्पन्न १२ लाखांच्या वर पाहिजे, स्वतःच्या नावावर ५ वर्षांच्या आतली गाडी पाहिजे आणि आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कार्डाचा) फोटो अपलोड करायचा. फी ३५० रुपये! अट का घालतात ते मला कळतं, सेल्समन विचारतो सध्या कुठली गाडी आहे, लोन किती काढणार, तिथं अडखळलं की सोंग उघडं पडतं. पण ज्याला वर्षाला १२ लाख मिळतात तो माणूस शनिवारी दुपारी ३५० रुपयांसाठी शिरोलीपर्यंत कशाला जाईल? मग गरजू लोकच जातात आणि खोटी माहिती भरतात. मी पण एकदा दिरांच्या गाडीची आरसी लावलीय. चुकलं माझं, पण तेव्हा मुलाच्या क्लासची फी भरायची होती.

हिशोब सांगते. टेस्ट ड्राइव्ह धरून शोरूममध्ये दीड तास, यायला-जायला एक तास, वर साठेक प्रश्नांचा रिपोर्ट, त्यात प्रत्येक 'नाही'ला कारण लिहायचं, त्याला दोन तास जातात. पेट्रोल शंभरच्या वर गेलंय ते आपल्याच खिशातनं. पैसे येतात दोन महिन्यांनी, तेही टीडीएस कापून. हॉटेलचं काम तर अजून अवघड, बिल ४०० पर्यंतच परत मिळतं, वरचे तुमचे, आणि एखादा फोटो ब्लर आला म्हणून रिपोर्ट रिजेक्ट झाला तर फीपण नाही आणि जेवणाचे पैसेपण नाहीत. माझं असं दोनदा झालंय. तक्रार करायला गेलं की सांगतात तुम्ही फ्रीलान्सर आहात, नोकर नाही, म्हणजे किमान वेतनाचा विषयच संपला. आणि काम गुप्त ठेवायचं असं लिहून घेतलेलं असतं त्यामुळं कुणी उघड बोलत पण नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गिग कामगार (म्हणजे पक्की नोकरी नसलेला, कामागणिक पैसे मिळणारा) हा शब्द आलाय आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झालीय. त्यातल्या अ‍ॅग्रिगेटरच्या (म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाईक आणि सेवा देणारा यांची गाठ घालून देणाऱ्या कंपन्यांच्या) यादीत टॅक्सी आणि डिलिव्हरीसोबत प्रोफेशनल सेवा देणारे पण आहेत. मग अ‍ॅपवरनं काम वाटणाऱ्या या एजन्सी त्यात धरणार का, हे कामगार खात्यानं स्पष्ट सांगावं आणि आपल्या पेपरनं ते विचारून छापावं ही विनंती. एजन्सींना एवढंच सांगणं आहे की १२ लाखांचा माणूस पाहिजे असेल तर त्याला परवडेल अशी फी द्या, नाहीतर उत्पन्नाची अट काढा, आणि पेट्रोलचे पैसे वेगळे द्या. (नवीन कुणी यात येणार असेल तर रजिस्ट्रेशनचे पैसे आधी मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका, ती फसवणूक असते.)

अजून एक गोष्ट मनातनं जात नाही. दिरांच्या आरसीवर गेले होते त्या शोरूममधल्या पोरानं दीड तास उभं राहून मला गाडी दाखवली, पाणी दिलं, सगळं नीट सांगितलं. नंतर दोन आठवडे तो फोन करत होता, मॅडम ऑफर संपतीय, मॅडम साहेबांना घेऊन या. मला सांगता येत नव्हतं की मी गाडी घेणारच नाही. ऑफरची माहिती त्यानं आधी दिली नाही म्हणून रिपोर्टमध्ये त्याचे दोन मार्क मीच कापले होते.

आपली,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर